धवलारणीचा दम

रोडपालीच्या हौसाबाईला घरातले सगळे बहिरे झालेत असं वाटायला लागलं होतं. "रमे, पानी आन," असं ती म्हणायची आणि चुलीपाशी बसलेल्या सुनेला काहीच ऐकू जायचं नाही. "कानांत बोळे घातलेत काय?" म्हणून ती चिडायची. तेही पुटपुटल्यासारखंच यायचं.

हौसा धवलारीण होती, लग्नात धवले गाणारी. आगरी लग्नातले विधी तिच्या धवल्यावर चालायचे. तिला पार पळस्प्यापर्यंत बोलावणं असायचं. लांबलचक ओळ ती एका दमात ओढायची आणि मांडवातला गोंगाट आपोआप खाली बसायचा.

नव्वद साल उजाडलं आणि तिचा उजवा हात आपला आपण हलायला लागला. पुढे ओळही मधेच तुटू लागली. जवळच्या डॉक्टरने दमा म्हणून गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की हात आणखीच थरथरे, छाती धडधडे, एका जागी बसवेना. ओटीवरून अंगणात, अंगणातून ओटीवर, बारीक पावलं टाकत ती फिरत राही. "आत हवा जात नाय रं," एवढंच म्हणे.

शेवटी मुलगा बळीराम तिला पनवेलला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. तिथे एका नळीत जोरात फुंकायला लावलं. हौसाने जीव खाऊन फुंकलं, पण यंत्राच्या कागदावरची रेघ जरा चढली आणि थरथरत खाली आली.

"फुप्फुसं चांगली आहेत. दमा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा कंपवात आहे. हात आखडतो ना, तसे छातीचे स्नायूही आखडलेत. म्हणून श्वास पुरत नाही, आवाज बसतो. त्या दम्याच्या गोळ्या बंद करू, कंपवाताची नवी गोळी देते."

"आवाज कुठं बसलाय?" हौसा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी बळीरामकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. हौसाने एकदा त्याच्याकडे, एकदा कागदावरच्या रेघेकडे पाहिलं.

"गाता येल का?" तिने विचारलं.

"नव्या गोळीचा असर असेल तोवर. ओळ छोटी करा, मधे श्वास घ्या."

"धवला तोडून म्हनत नाय."

नव्या गोळीने बरं वाटलं. अंग सैल झालं, आवाज थोडा वर आला. मग पळस्प्याचं लग्न आलं. घरच्यांनी नको नको म्हटलं, तरी हौसा गोळी घेऊन निघाली. रमा सोबत होती. वऱ्हाडाचा टेम्पो वाटेत बंद पडला. हौसा मांडवात येरझाऱ्या घालत राहिली. मधेच बोटं वळवून बघायची, मान फिरवून बघायची. असर उतरत चालला होता, हे तिला कळत होतं. वऱ्हाड आलं तेव्हा मान ताठली होती.

तिने धवला धरला. दुसऱ्याच ओळीला छाती उघडेना. तोंड हलत होतं, आवाज नव्हता. नवरीची आई कावरीबावरी झाली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. तेवढ्यात रमाने ती ओळ उचलली. तिने आयुष्यात कधी चारचौघांत गायलं नव्हतं. आवाज कापरा होता, पण ओळ पुढे सरकली आणि मागे बसलेल्या बायकांनी तिला साथ दिली.

घरी पोचल्यावर हौसा म्हणाली, "पुढच्या ओळीला घाई केलीस. नवरी पाटावर बसली नव्हती."

"मंग शिकवा ना, आत्या."

"तू कान देशील तर."

त्यानंतर रमा गाऊ लागली आणि हौसा तिच्याजवळ बसू लागली. म्हणजे बसायची थोडं आणि उठायचीच जास्त. नुसतं ऐकत बसणं तिला कधी मानवलं नाही. रमा चुकली की तिची मांडी दाबायची, न चुकताही दाबायची. पुढे गिळायला त्रास होऊ लागला, खोकलाही जोराने काढता येईना. चौऱ्याण्णवच्या थंडीत छातीत कफ साठून ती गेली. आदल्या दुपारपर्यंत रमाला उशाशी बसवून ती ओठ हलवत होती. रमा कान तिच्या तोंडाजवळ नेऊन एकेक शब्द धरत होती.

"आयकू आला?" हौसा विचारायची.

"आला, आत्या," रमा म्हणायची. काही शब्द तिला खरंच ऐकू आले होते.