मालतीताई आणि गाडीचं उघडं दार

आमच्या ग्रुपमध्ये पंक्चर काढायला दहा मिनिटं लागतात आणि त्याचा किस्सा सांगायला अर्धा तास. त्यामुळे नागपुरातल्या मनीषनगरच्या आम्हा सायकलवाल्या बायकांकडे किलोमीटरपेक्षा किस्सेच जास्त! सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. यंदा जानेवारीत गणपतीपुळ्याचं दर्शन घेऊन, आंबा घाट चढून, जोतिबाच्या डोंगरापर्यंत सायकलने जायचं ठरलं आणि घरोघरी आमच्या गुडघ्यांची काळजी सुरू झाली. एरवी हेच गुडघे गव्हाचं पोतं घेऊन जिना चढतात, तेव्हा कुणी विचारत नाही.

*

सगळ्यात जास्त काळजी मालतीताईंच्या मुलाला, प्रशांतला. ताई साठीच्या, आणि गेल्या उन्हाळ्यात एकदा चक्कर येऊन पडलेल्या. त्याने अट घातली. तो कार घेऊन मागून येणार, आणि आई एकदा जरी गाडीत बसली तरी परत आल्यावर सायकल विकायची. लकडगंजचं गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं!

ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मंजूर. पण त्या गिऱ्हाइकाले सांग, माह्या भरोशावर राहू नको म्हणा."

*

आता नागपुरात घाटाचा सराव करायचा कुठे? गाव सगळं सपाट. आमच्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल. रोज पहाटे आम्ही पूल चढायचो, उतरायचो, वळून पुन्हा चढायचो. शेवटी एका ट्रॅफिक हवालदाराने थांबवून विचारलं की मॅडम, काही हरवलं का? आमच्यातली शोभा म्हणाली, "नाही गा भाऊ, घाट चढून राहिलो."

पुलाची सवय वाईट. चढ संपला की उतार येणारच, हे डोक्यात पक्कं बसलेलं. आंबा घाटाचं पहिलं वळण संपलं आणि पुढे पुन्हा चढच! शोभाने चहाच्या टपरीवर विचारलं, उतार कुठे आहे? टपरीवाला म्हणाला, "तुम्ही आलात ना, त्या बाजूला."

*

नागपूरचा माणूस उन्हात निघाला की खिशात कांदा ठेवतो, म्हणजे ऊन लागत नाही. मालतीताईंच्या खिशात तो जानेवारीतही होता. पुळ्याला नारळ घेताना पैशांबरोबर कांदाही बाहेर आला. नारळवाल्या बाई बघतच राहिल्या. ताई म्हणाल्या, "देवाले नारळ. कांदा माहा."

प्रशांत हसला. म्हणाला, आई, थंडीत कसलं ऊन?

"उन्हाले कॅलेंडर समजते काय?"

*

आणि आता घाट. दुपार चढलेली. प्रशांत ताईंच्या मागे गोगलगायीसारखी गाडी चालवत होता. आत एसी फुल, आणि प्रत्येक वळणावर शेजारी येऊन दार उघडायचा. "बस ना आई, काहून हट्ट करतं?" मला त्या उघड्या दाराचा इतका संताप आला की एकदा वाटलं, लाथ मारून बंद करावं.

एका वळणावर ताई उतरल्या. ओठ सुकलेले. सायकलला टेकून त्या उघड्या दाराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि दार धाडकन लावलं. "एसी वाया जाऊन राहिला."

प्रशांत रागाने गाडी दामटत पुढे निघून गेला. ताई सायकल ढकलत चालू लागल्या. ढकलत जाणं अटीत बसत होतं.

दोन वळणं गेली. पुढे रस्त्याच्या कडेला गाडी उभी, बॉनेट उघडं, इंजिनातून वाफा निघत होत्या. शेजारी भर उन्हात प्रशांत, घामाने निथळत, मोबाईल वर धरून रेंज शोधत होता.

ताई थांबल्या. इंजिनाकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. खिशातून कांदा काढून त्याच्या हातावर ठेवला.

"खिशात ठेव बाबू. ऊन लागन."

आणि सीटवर बसून पॅडल मारलं.