सोयाबीन विकलं अन् भजन बिघडलं

सोयाबीनच्या पोत्यांचा वास आला की मले बायकोची खोली आठवते. तिनं खाट धरली होती, मंदिरातलं भजन सुटलं होतं, अन् मैत्रिणींच्या आवाजासाठी जीव तुटायचा तिचा. म्हणून पोरानं मालेगावहून छातीएवढे उंच दोन स्पीकर आणून तिच्या खोलीत मांडले, मंदिरातलं भजन मोबाइलात भरून आणलं अन् स्पीकरवर लावलं. झकास वाजलं. मग मी त्या खोलीतली सोयाबीनची थप्पी विकली, अन् रिकाम्या भिंतींवर आवाज आदळायला लागला. "ह्या बाया विहिरीत बसून गाऊन राह्यल्या काय?" बायको म्हणाली. पोरगं माह्यावर उखडलं, "बाबा, पोती आवाज पित होती. इकायच्या आधी इचारायचं तं!" मी म्हणालो, "सोयाबीन का तुह्या भोंग्यासाठी पेरलं होतं?" तो हसला अन् कामाले लागला. भिंतींवर गोधड्या टांगल्या, स्पीकर भिंतीपासून पुढं ओढले, त्यांची तोंडं खाटेकडं वळवली, अन् दर वेळी मायच्या उशीवर डोकं टेकवून ऐकलं. सारा दिवस हेच. एवढा धीर मी कधी बैलालेही दाखवला नाही. संध्याकाळी तिनं डोळे मिटून डावीकडं बोट केलं, "हे पाह्य, शेजारीण इथं बसली. अजून बेसूरच हाय भवानी!" अन् पोट धरून हसली. आता ती नाही. स्पीकर काढू काय, असं पोरगं विचारते. मी म्हणतो, राहू दे. एवढं चांगलं काम आपल्या घरात दुसरं कोणी केलं नाही.