भाऊजींचा सर्व्हर

भाऊजींना सहज बोललेलं कळत नसे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, तुमच्या बाबांचे काका. लग्न केलं नाही, म्हणून कायम आमच्याकडेच राहिले. आम्ही दादर सोडून मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये आलो, तेव्हा तेही आले. जिन्यात कुणी 'येतो एकदा चहाला' म्हटलं की हे विचारत, "कधी?" समोरचा गडबडून जाई. दुकानदाराने 'कल आ जाओ' म्हटलं की दुसऱ्या दिवशी शटर वर जायच्या आधी हे पायरीवर हजर. लोक बोलायचं म्हणून बोलतात, असं मी त्यांना एकदा समजावलं. ते म्हणाले, "वहिनी, मग त्यातलं खरं कोणतं धरायचं, हे ओळखायचं कसं?" मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण हे ओळखायचा नियम कुठल्याच व्याकरणात नव्हता.

ते एका विमा कंपनीच्या संगणक विभागात होते. बाहेर माणसं घामाने निथळत असताना हे स्वेटर घालून कामाला बसत, कारण तिथल्या यंत्रांना गारवा लागे. निवृत्त झाल्यावर त्यांना एकदम दिवस मोठा वाटू लागला. त्याच सुमारास, म्हणजे दोन हजार पाच-सहा असेल, एका रविवारी तुमच्या बाबांचा अमेरिकेहून फोन आला. ईशान, तू नुकताच जन्मला होतास आणि आमच्या हाती तुझा एकच फोटो आला होता, तोही धूसर. मी कुरकुर केली. तेव्हा तुमचे बाबा भाऊजींना म्हणाले, "काका, तुम्हीच घरी एक सर्व्हर ठेवा ना. मी इथून सगळे फोटो, व्हिडिओ त्याच्यावर टाकत जाईन. पोरांचं सगळं एका जागी राहील."

भाऊजींनी फोन ठेवला आणि मला व तुमच्या आजोबांना सांगितलं, "इतकी वर्षं परक्यांच्या नोंदी सांभाळल्या. आता घरच्या सांभाळीन."

दुसऱ्या कुणी साधा कॉम्प्युटर आणला असता. भाऊजींचं म्हणणं, साधा कॉम्प्युटर काम झालं की बंद करायचा असतो. तुमचे बाबा फोटो पाठवायला बसतील तेव्हा आपण झोपलेले असणार, म्हणजे दाराशी कुणीतरी जागं हवं. ऑफिसांत लोखंडी मांडणीत सरकवतात तसले आडवे सर्व्हर मिळत होते, पण ते इतके घोंघावतात की घरातलं बोलणं ऐकू येऊ नये. म्हणून कपाटासारखा उभा, टॉवर सर्व्हर. त्यात डिस्क दोन हव्यात, दोन्हीवर तेच उमटेल, एक बिघडली तरी दुसरी राहील. मेमरी अशी हवी, की आपली चूक आपणच पकडेल. मी म्हटलं, फोटोंसाठी एवढं कशाला? तर म्हणाले, "बाळाचा पहिला फोटो पुन्हा काढता येत नाही, वहिनी."

अख्खा पावसाळा ते लॅमिंग्टन रोडला फेऱ्या घालत होते. एका दुकानात त्यांनी यंत्र चालू करायला लावलं आणि शेजारी स्टूल ओढून पेपर वाचत बसले, आवाजाचा त्रास होतो का ते बघायला. दुकानदाराने विचारलं, "अंकल, घर में बैंक खोलनी है क्या?" हे शांतपणे म्हणाले, "नहीं, पोते के फोटो रखने हैं."

ते धूड आलं त्या दिवशी लिफ्ट बंद होती. हमालांनी ते जिन्याने चढवलं तेव्हा समोरच्या गुजराती भाभींना वाटलं, वॉशिंग मशीन आलं. किती किलोचं, असं त्यांनी विचारलं आणि भाऊजींनी प्रामाणिकपणे त्याचं वजन सांगितलं. तीन माणसांच्या घरात एवढे कपडे निघतात कसे, हे त्या बाई मला पुढे कितीतरी दिवस विचारत होत्या. मिठागरांकडून येणाऱ्या खाऱ्या हवेने आतले भाग गंजतात, म्हणून त्याला खिडकीपासून लांबची भिंत मिळाली आणि माझं पुस्तकांचं कपाट पॅसेजमध्ये गेलं. एसीही त्याच्यासाठीच बसला. मे महिन्यात आम्ही तिघं त्याच्या आश्रयाला हॉलमध्ये गाद्या टाकून झोपत असू. विजेचं बिल आलं की तुमचे आजोबा धाकट्या भावाला म्हणत, "तुझ्या या लेकराचं नाव रेशनकार्डावर चढवून घे."

भाऊजींनी त्यात ईशानच्या नावाचा कप्पा केला. पुढे तारा, तू झालीस, तेव्हा तुझाही. आत बारसं, पहिला वाढदिवस, शाळेचा पहिला दिवस असे लहान कप्पे. पासवर्ड त्यांनी तुमच्या बाबांना फोनवर एकेक अक्षर उच्चारून सांगितला. "या वीकेंडला बसतोच काका," बाबा म्हणाले. त्यांचा रविवार आपल्या सोमवार दुपारपर्यंत चालतो, असा हिशेब करून भाऊजींनी सोमवारी जेसल पार्कला जुन्या मित्राकडे जायचा बेतही सोडला. मग पुढच्या वीकेंडला. मग प्रोजेक्ट संपल्यावर. मग घर बदलल्यावर. मी चिडले की ते मलाच समजावत, "करतोय म्हणालाय ना तो, वहिनी. नाही म्हणालेला नाही."

तुम्ही सगळे आलात तेव्हा तारा कडेवर होती. तुमचे बाबा हॉलमध्ये पाऊल टाकताच थबकले आणि हसले. "काका, हे काय, एवढं मोठं घेतलंत? आणि चालू आहे अजून?"

"ते चालू ठेवायचंच यंत्र आहे रे," भाऊजी म्हणाले.

बाबांनी मांडीवर लॅपटॉप घेतला आणि तुमचे फोटो दाखवले. शेकडो होते. आता हे सगळं इंटरनेटवर फुकट राहतं, घरी असलं काही ठेवायची गरज उरली नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. भाऊजींनी सगळं नीट ऐकलं. मग विचारलं, "एक प्रत इथेही टाकशील?"

"टाकतो ना, आज रात्रीच." मग खरेदी निघाली, मग तुमच्या आईचं माहेर, मग गोवा. परतीच्या दिवशी टॅक्सीत बॅगा चढत होत्या, तेव्हा भाऊजी खाली आलेच नाहीत. मी वर गेले तर ते सर्व्हर बंद करत होते. पंख्याचा आवाज हळूहळू उतरला आणि थांबला. आधी कधी जाणवलं नव्हतं, पण त्या आवाजाची मला सवय झाली होती. भाऊजींनी एसीही बंद केला आणि म्हणाले, "तुमचं पुस्तकांचं कपाट आत आणू या."

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. तुमच्या बाबांनी लांबलचक ईमेल लिहिली. काकांमुळेच मी या क्षेत्रात आलो, असं तीत होतं, आणि ते खरं आहे. शेवटी विचारलं होतं, काकांचा एखादा चांगला फोटो आहे का, माझ्याकडे एकही नाही.

फोटो आहे. यंत्र अगदीच रिकामं बरं दिसत नाही म्हणून भाऊजींनी आमचे जुने अल्बम स्कॅन करून त्यात ठेवले होते. एकात ते तुमच्या बाबांना खांद्यावर घेऊन दादरच्या किनाऱ्यावर उभे आहेत आणि बाबांनी त्यांचे केस दोन्ही मुठींत धरलेत. मी तो पाठवला नाही. परवा तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, काकाआजोबा दिसायचे कसे? तुम्हालाही तो मी पाठवणार नाही. कपाट अजून पॅसेजमध्येच आहे, सर्व्हर त्याच भिंतीशी आहे आणि तो चालू करायचा कसा, हे मला भाऊजींनी शिकवलंय. फोटो बघायचा असेल तर इथे यावं लागेल.