हौ मालक

"हे आमचे घरचे तज्ज्ञ," सिनिअर म्हणाले, आणि त्यांनी पक्षकाराला माझी जात सांगितली. नाव नाही. शिक्षण नाही. "ढिवर आहेत. तुमच्या कामाचे."

पक्षकार अड्याळकडचा मोठा माणूस होता. मालगुजारी जाऊन वर्षं लोटली, तरी गाव त्याला मालकच म्हणायचं. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, "मंग तं काम झालंच समजा. मासोळीनंच मासोळी पकडू." सगळे हसले. सिनिअरांचे जावई तर मांडीवर थाप मारून हसले. मीही तोंड वाकडं केलं, म्हणजे हसलो. दुसऱ्याच्या ऑफिसात बसायचं तर हसावं लागतं.

भंडाऱ्यातली गोष्ट. ऐंशी साल अजून उजाडायचं होतं. चार वकिलांचं ऑफिस. काही अडलं की सिनिअर बसल्या जागेवरून ओरडायचे, "हे कोणाला येतं?" कूळकायदा म्हटला की एकाचं नाव, फौजदारी म्हटली की दुसऱ्याचं. वाट, पाणी, बांध, वहिवाटीने हक्क कसा बसतो, हे मी वाचून पचवलं होतं. ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण वहिवाट म्हटली की नाव जावयांचं निघायचं. मग जावई माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारायचे आणि कोर्टात खड्या आवाजात बोलायचे. मी मागच्या बाकावर. एकदा तरी स्वतः उभं राहून साक्षीदार तपासायला मिळावा, एवढंच मला हवं होतं.

त्या दिवशी पहिल्यांदा "कोणाला येतं"च्या उत्तरात मी निघालो. आणि असा निघालो.

दावा तळ्याचा होता. तिथले ढिवर म्हणत, आमचे बापजादे या तळ्यात मासे धरत आले, शिंगाडा लावत आले, हक्क आमचा. मालक म्हणत, आमच्या परवानगीने धरत होते, हक्क कसला? आधीच्या तारखेला जावयांनी एका ढिवर बाईला विचारलं, "मालकांना विचारूनच जाळं टाकत होता ना?" बाईने हात जोडले. "हौ मालक." ती जावयांनाच मालक म्हणाली. न्यायाधीशांनी उत्तर तसंच लिहून घेतलं. परवानगी कबूल केली की हक्क संपला. आता ढिवरांचा एकच साक्षीदार उरला होता, एक म्हातारा.

"ती बाई हौ का म्हणाली?" सिनिअरांनी मला विचारलं. "म्हाताराही म्हणेल का? कशा सुरात विचारलं की हे लोक हौ म्हणतात? तुम्हाला माहीत असणार." मग आवाज मऊ करून म्हणाले, "उलटतपासणी तुम्हीच घ्या. आपल्यातलाच पोरगा कोटात दिसला की म्हातारा विरघळेल."

उलटतपासणी. मला. क्षणभर छाती फुगली. मग लगेच खाली बसली.

कारण मला खरंच माहीत होतं. मी लहान असताना सिहोऱ्याच्या बाजारात माझा बा मासे घेऊन बसला होता. मासे बावनथडी नदीतले. जाळं ओढताना मी स्वतः बाबरोबर कमरेएवढ्या पाण्यात होतो. आमच्याकडचा एक मालक समोर येऊन उभा राहिला. "माह्या तळ्यातून चोरून आणलेस ना रे?" बाने मान खाली घातली. "हौ मालक." मालकाच्या गड्याने टोपली उचलून नेली. अख्खा बाजार बघत होता. मला बाचा राग आला, मालकाचा नाही. घरी जाताना मी विचारलं, "बा, तू काहून हौ म्हनलास?" बा चालतच राहिला. बराच पुढे गेल्यावर म्हणाला, "मालकाच्या तोंडावर नाही म्हनता येते का, बाबू?"

आणि आता एवढे कायदे वाचून मी कशातला तज्ज्ञ ठरलो? बाच्या खाली गेलेल्या मानेतला. ऑफिसला वहिवाट येणारा माणूस नको होता. ती मान कुठे दाबली की वाकते, ते सांगणारा हवा होता.

"मी सांगणार नाही," मी म्हणालो. "उलटतपासणीही घेणार नाही."

सिनिअरांना आधी कळलंच नाही. "का?"

"नाही म्हणून."

मालक म्हणाला, "याच्या अंगावर कोट कोनं चढवला?"

"उद्यापासून येऊ नका," सिनिअर म्हणाले.

मी खुंटीवरचा कोट घेतला आणि निघालो. रस्त्यावर आल्यावर कुठे जायचं तेच कळेना. नुसता चालत राहिलो, कोर्टापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो.

त्या दाव्याबद्दल मी बाहेर एक शब्दही बोललो नाही. पक्षकाराची गोष्ट बाहेर फोडायची नसते. ती शिस्त मी पाळली, आणि ती पाळताना रोज जळलो. म्हातारा हौ म्हणाला, असं पुढे कानावर आलं.

ते ऐकलं त्याच दिवशी मी गावी, बपेऱ्याला, आमच्या टोलीत, ढिवरांच्या वस्तीत गेलो. कोट अंगात घातला. अंगणात खाटेवर बसलो आणि म्हणालो, "बा, समोर उभा राह्य. मी वकील, तू साक्षीदार."

बा हसला. "कायले रे?"

"राह्य तं खरा."

बा उभा राहिला. शेजारची माणसं कुडापाशी जमली. मी आवाज चढवला, अगदी जावयांसारखा. "सिहोऱ्याच्या बाजारातले मासे तू चोरून आणले होतेस ना?"

बाचं हसू गेलं. मान खाली गेली. पोटच्या पोराच्या कोटापुढे त्याने हात जोडले.

"हौ मालक."

कुडापाशी कोणीतरी खुसखुसलं. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग. या वेळी तो बावर नव्हता. माझ्याकडे जे ज्ञान आहे ते मी कुणाला विकणार नाही. ते 'हौ'च मोडून काढणार. बाच्या तोंडातून, मग त्या कुडापाशी उभ्या असलेल्या एकेकाच्या तोंडातून. तोवर मला दुसरी वकिली नाही.

"हात खाली घे, बा," मी म्हणालो. "आधी सवाल आयक. मंग खरं आहे तेच बोल."

आणि कोट न काढता पुन्हा तेच विचारलं.