राखुंडीबाई

आमच्या बालवाडीच्या बाईंच्या हाताला कायम राख लागलेली असे. कुणाला नमस्कार करायला त्यांनी हात जोडले, की समोरच्याच्या अंगावर बारीक भुकटी उडायची. अख्खं तिसगाव त्यांना माघारी राखुंडीबाई म्हणायचं आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. "म्हणू देत की! राखुंडीनं दात उजळतात, माझ्या राखेनं अक्षर," असं त्या वर हसून सांगत.

दुष्काळाची वर्षं होती. पाट्या फुटायच्या, पेन्सिली तर आम्ही खायचोच. म्हणून प्रत्येकानं घरून मूठभर चुलीतली राख आणायची असा बाईंचा दंडक होता. भिमानं एकदा ती चुलीतून थेट खिशात भरली आणि चड्डीला भोक पाडून घेतलं, तेव्हापासून "कालची राख आणा" असा सुधारित हुकूम निघाला. बाई ती जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळत आणि मोठ्या पितळी परातीत पसरत. मग आम्ही भोवती कोंडाळं करून बोटानं गिरवायचो. आधी आडवी रेघ, मग उभी, मग गोल. हात वळला की अक्षर. बाई नगरच्या ख्रिस्ती, पण दसऱ्याला पाटीवरची सरस्वती त्यांच्याइतकी देखणी गावात दुसरं कुणी काढत नसे.

चुकलं तर बाई रागवत नसत. "हलव परात!" एवढंच म्हणत. परात हलवली की वेडंवाकडं सगळं गायब आणि राख पुन्हा कोरी. आम्हाला तर चुकायचीच हौस लागली होती.

माझं मात्र एक दुखणं होतं. मी डावखुरी. जूनमध्ये मला पहिलीत घालायचं होतं आणि आमचे आण्णा धास्तावले होते. "डाव्या हातानं कुटं लिव्हत्यात व्हय? मास्तर बोटं फोडत्याल. त्यापरीस घरीच ऱ्हाऊ दे, शेरडं राखंल." एका सकाळी त्यांनी माझा डावा हात फडक्यानं पाठीशी बांधला आणि मला तशीच बालवाडीत धाडली. त्या दिवशी मी परातीला बोटसुद्धा लावलं नाही. बाईंनी फडकं सोडलं, माझे डोळे पुसले (त्यामुळे गालभर राख झाली) आणि आण्णांना बोलावणं पाठवलं.

आण्णा आले ते तोंड वाकडं करूनच. सातवी शिकलेले, सहीचा मोठा अभिमान. बाईंनी परात पुढे सरकवली. "दादा, तुमचं नाव लिहा. पण डाव्या हातानं."

"ह्ये काय आनि?"

"लिहा तर खरं."

आण्णांनी बाही सारली आणि बोट टेकवलं. पहिलंच अक्षर पाय घसरल्यासारखं आडवं झालं. आम्ही पोरं एका सुरात ओरडलो, "हलवा परात!" त्यांनी हलवली, पुन्हा लिहिलं, पुन्हा तीच गत. कपाळाला घाम आला. शेवटी स्वतःच हसत सुटले.

बाई हसल्या नाहीत. "तुमच्या लेकीला उजव्या हातानं असंच होतं, दादा."

आण्णांनी परात हलवून राख पुन्हा कोरी केली. मग म्हणाले, "बरं. पर जेवताना उजवाच हात."

"जेवायला उजवा, लिहायला डावा. ह्या दुष्काळात दोन्ही हातांना काम मिळालं, आणखी काय पाहिजे?"

पुढे आण्णाच मास्तरांना बजावून आले, की पोरीचा हात धरू नका. आणि बालवाडीची राख गाळायलाही अधूनमधून जाऊ लागले.

त्याच उन्हाळ्यात बाईंची आई आजारी पडली आणि त्या नगरला कायमच्या निघाल्या. सगळी बालवाडी एसटीपाशी जमली. मी रडून रडून बेजार. आण्णांनी मला उचलून खिडकीशी धरलं. खिडकीखालच्या पत्र्यावर धुळीचा जाड थर होता. मला काय वाटलं कोण जाणे, लिहायला बोट पुढे केलं. पण आण्णांच्या कडेवर होते, त्या धाकानं उजवं केलं.

"आगं, डाव्यानं लिही," आण्णा कानात म्हणाले. "लवकर, गाडी निघाली."

मी डाव्या हातानं 'बाई' लिहिलं. बाईंनी खिडकीतून वाकून वाचलं. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी गदागदा हलली. परातीतल्यासारखं आता पुसलं जाणार, असं मला वाटलं.

पुसलं नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत मला ते दिसत होतं.