मागची भिंत

बाहेरगावच्या परिषदेचं बोलावणं आलं की सोनवणे सर आधी एकच विचारायचे, "घरातलं कुणी विमानात बसलंय का?" नाही म्हणणाऱ्याचा नंबर पहिला. बाकीच्यांनी रेल्वेनं जायचं, नाहीतर स्क्रीनवरून बोलायचं. आमच्या पर्यावरणशास्त्र विभागात सरांनी घातलेला हा नियम होता.

एकदा एक प्राध्यापक चिडले. "सर, आम्ही काय पाप केलं?"

"पाप कुठं? लई पुण्य केलं तुम्ही. तीनदा सिंगापूर झालं. आता बसा स्क्रीनवर."

सगळे हसले, ते प्राध्यापकही.

सर स्वतः दिल्लीला जायचे ते रेल्वेनं, धपाटे बांधून. म्हणायचे, "विमानाचा धूर सगळ्यांच्या डोक्यावर अन् खुर्ची त्याच त्या माणसाला, हे नाय चालायचं."

मी पिशोरची, सरांची विद्यार्थिनी. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच, आणि हे मी मान वर करून सांगते. विहिरींच्या पाण्यावरच्या सरांच्या कामावर बोलायला जर्मनीचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"सर, काम तुमचं आहे," मी म्हटलं.

"अन् उन्हातान्हात विहिरींचं पाणी कुणी गोळा केलं? जा तू. प्रश्नांना मी हाय की स्क्रीनवर."

तिथं माझं बोलणं झालं आणि पडद्यावर सर आले. आवाज बारीक, उत्तरं मात्र नेहमीसारखी तिखट. मागं फिकट हिरवी भिंत. आमच्या विभागाच्या भिंती तर पिवळट, पोपडे धरलेल्या. लोक उठल्यावर मी विचारलं, "सर, रंग दिला की काय?"

"व्हय. तू गेलीस, म्हणून दिला." हसले. "नीट बघून ये सगळं."

चिकलठाणा विमानतळावर उतरून फोन चालू केला, तेव्हा कळलं, सर गेले. विभागात पोहोचले. भिंत तशीच होती, पिवळट. तिच्यापुढं उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, ती हिरवी भिंत दवाखान्याची होती, सर तिथून बोलत होते.

हर्सूलला त्यांच्या घरी गेले. काकूंना विचारलं, "मला का नाही कळवलं?"

"फोन हातात घेतला होता गं मी. हेच म्हणाले, तिला सांगू नको, न बोलताच माघारी येईल. एवढा धूर करून गेलीय पोरगी, वाया जाईल."

आजही स्क्रीनवर कुणाच्या मागं फिकट हिरवी भिंत दिसली की मी आधी विचारते, कुठून बोलताय?

आता विभागात "घरातलं कुणी विमानात बसलंय का?" हे मी विचारते. यंदा बोलावणं माझ्या नावानं होतं, गेली वैजापूरची माझी विद्यार्थिनी. विभागाला रंग द्यायला माणसं आली होती. एवढी एक भिंत राहू द्या म्हटलं. स्क्रीनवर आले की मी आधी लॅपटॉप उचलून खोलीभर फिरवते. तिकडच्यांना वाटतं, बाईंना खोलीचं भारी कौतुक. वैजापूरच्या पोरीला मात्र हिरव्या भिंतीची गोष्ट ठाऊक आहे; पिवळे पोपडे दिसल्याशिवाय ती बोलायला उभी राहत नाही.