जाड झालेलं लोखंड

लोखंड मुके असते, असे म्हणणाऱ्याने मालीशकाकांना काम करताना पाहिलेले नसते. पाईपावरून ते आधी तळहात फिरवीत. तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळावरून आईने फिरवावा, तसा. मग फडक्याने गंज पुसत, बाटलीतले जेल दोन बोटांनी माखीत, आणि यंत्राच्या वायरीला जोडलेला नाण्याएवढा प्रोब त्या ओल्या जागी अलगद टेकवीत. माणसाच्या कानाला न ऐकू येणारा नाद लोखंडात शिरे, आतल्या बाजूवर धडके आणि मागे फिरे. त्याला जायला-यायला जो वेळ लागे, त्यावरून यंत्र सांगे की पाईपाच्या भिंतीची जाडी किती उरली आहे. पोट न फाडता पोटातले दुखणे ओळखायचे, ही त्यांची जन्मभराची चाकरी. चाकरी कसली, सेवाच ती! कारण पाईपाखाली माणसे असतात, आणि माणसांत देव असतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

जेल चोळण्याच्या या सवयीनेच त्यांना ‘मालीशकाका’ हे नाव पडले. शेजारी म्हणत, “काका, पाईपांचं नशीब थोर बुवा! आमची कंबर धरलीय, तिलाही दोन बोटं लावा की.”

काका म्हणत, “लावतो. पण आत काय काय सापडलं ते चारचौघांत मोठ्यानं सांगेन. चालेल?”

शेजारी धरलेल्या कंबरेसकट पळ काढीत.

काकांची पत्नी एका मोठ्या रुग्णालयाच्या लाँड्रीत इस्त्रीवर होती आणि तिचा धाकटा भाऊ तिथेच बॉयलरवर. बॉयलरच्या खोलीतून निघालेला वाफेचा जाड पाईप भिंतीतून लाँड्रीत येई आणि छताखाली काटकोनात वळे. त्या वळणाला कामगार बेंड म्हणत. बेंडच्या बरोबर खाली काकूंचे टेबल. खिडकीचा उजेड तिथे चांगला पडे, म्हणून हौसेने मागून घेतलेली जागा ती. वाफ धावत येते, वळणावर आपटते आणि आपटता आपटता लोखंड आतून खाते. म्हणून वर्षातून एकदा बॉयलर थंड करून काकांना बोलावणे जाई.

त्या सकाळी काका शिडीवर चढले. नादाच्या लहरी पडद्यावर दाखवणारे मोठे यंत्र जड होते. ते त्यांनी खालीच पिशवीत ठेवले आणि फक्त आकडा दाखवणारे छोटे यंत्र वर नेले. पाईपावरचे वेष्टन बाजूला केले, जेल लावले, प्रोब टेकवला. तीन पूर्णांक आठ मिलिमीटर! काकांनी सुस्कारा सोडला. गेल्या वर्षी याच जागी साडेतीन आले होते आणि त्या आकड्याने त्यांना वर्षभर मनातून कुरतडले होते. वाईट बातमीला माणूस दहा प्रश्न विचारतो. चांगली बातमी मात्र पाटावर बसवून घेतो, कुठून आलीस एवढेही विचारत नाही. काकांनी जेल पुसले, ते खाली उतरले आणि पत्नीला म्हणाले, “चिंता नाही. खुशाल बस.”

दुपारी त्याच टेबलावर तिघांचे डबे उघडले. मेव्हण्याने भराभर जेवण आटोपले.

“दाजी, वाफ सोडू ना? तुमच्या लाडक्याला तपासलंत ना नीट?”

“सोड रे. तुझ्यापेक्षा त्याची तब्येत बरी आहे.”

“ताई, ऐकलंस? लग्न तुझ्याशी केलं, पण जीव पाईपावर!”

“जा, जा. डबा विसळून जा आधी,” काकू म्हणाल्या. तो हसत बॉयलरकडे गेला. मग काकूंनी सहज वर पाहिले. “अहो, गेल्या वर्षी बेंड झिजला म्हणून तुमचं तोंड एवढंसं झालं होतं. साडेतीन म्हणाला होतात ना? आता किती?”

“तीन पूर्णांक आठ. ठणठणीत आहे.”

“म्हणजे वाढला? अगं बाई! बसल्या जागी वाफ खाऊन जाड झाला की माझ्यासारखा!”

शेजारच्या टेबलावरच्या बायका खळखळून हसल्या. काका हसले नाहीत. घास हातातच राहिला आणि हात तोंडापाशीच.

लोखंड वाढले? लोखंड कधी वाढते? देवाने झाडाला वाढ दिली, लेकराला दिली, लोखंडाला मात्र झीज दिली. हे काका उभा जन्म लोकांना सांगत आले होते. आणि आज वाढलेला आकडा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, स्वतःच्या तोंडाने उच्चारला, आणि त्याच्याखाली स्वतःच्या बायकोला बसवले! पाईपाची भिंत फार पातळ झाली की पहिला प्रतिध्वनी इतक्या लवकर परततो की छोट्या यंत्राला तो पकडताच येत नाही. मग ते दुसऱ्या फेरीचा प्रतिध्वनी पहिला म्हणून धरते आणि जाडी दुप्पट सांगते. म्हणजे तीन पूर्णांक आठ नव्हे. त्याच्या निम्मे!

डोक्यावर पाईप टक् वाजला. थंड लोखंडात वाफ शिरू लागली की ते असेच वाजते.

“ऊठ!” काका ओरडले.

“अहो, घास तरी—”

“ऊठ म्हणतो ना! सगळ्याजणी बाहेर व्हा, डबे राहू द्या!”

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी काकूंवर कधी आवाज चढवला नव्हता. त्या आवाजानेच काकू उठल्या. काकांनी त्यांना दंडाला धरून दाराबाहेर ढकलले आणि ते बॉयलरकडे धावले. “बंद कर! व्हॉल्व्ह बंद कर!”

“दाजी, आत्ताच तर तुम्ही—”

“बंद कर रे! तुझी बहीण आहे तिकडे!”

मेव्हण्याने चाक फिरवले. टकटक मंदावली, थांबली. बेंड फुटला नाही. देवा, तुझी कृपा!

पाईप निवल्यावर काकांनी जड यंत्र खांद्यावर टाकून वर नेले. पडद्यावर लहरींचे सुळके उमटले. पहिल्या प्रतिध्वनीचा सुळका डाव्या कडेला इतका चिकटलेला, की शोधावा लागला. जाडी निघाली एक पूर्णांक नऊ. वळणाच्या बाहेरच्या अंगाला तर पत्र्याच्या डब्याइतकीच. बेंड कापून खाली आणला, तेव्हा मेव्हण्याने त्या बाहेरच्या अंगावर पेचकस दाबून पाहिला. पेचकस पुठ्ठ्यात जावा तसा आरपार गेला. तो हातातला पेचकस बघत राहिला.

काकूंनी त्या भोकाकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. “सकाळी तुम्ही मला खुशाल बस म्हणालात,” त्या हळूच म्हणाल्या.

बेंड किती झिजला, ते काकांना समजले. पण त्यांच्या शब्दाची भिंत किती उरली, हे सांगणारे यंत्र त्यांच्या पिशवीत नव्हते.

एव्हाना चूक कशी झाली ते काकांनी काकूंना सांगून टाकले होते; नवा बेंड बसला त्या दिवशी त्यांनी पडदा काकूंच्या तोंडासमोर धरला. “हा बघ, पहिला सुळका.”

“याच्या आधी एखादा लपलेला नाही ना?”

“नाही. कड मोकळी आहे, बघ.”

“गेल्या वेळेपेक्षा वाढला की घटला?”

“नवा आहे गं. याला गेली वेळच नाही.”

काकूंच्या ओठांवर हसू येऊ पाहत होते, ते त्यांनी अर्ध्यावर अडवले. भावाला हाक मारली, “सोड रे वाफ!” पाईप टक् वाजला आणि दोघेही दचकले. मग पाईप तापला, वाजायचा थांबला. काकू टेबलापाशी आल्या. पण इस्त्री न उचलता टेबलच ढकलू लागल्या, बेंडखालून बाजूला, उजेड सोडून.

“रागावू नका,” त्या म्हणाल्या. “तुमच्यावर विश्वास आहे. पण टेबल माझं आहे.”

काकांनी पिशवी खाली ठेवली आणि टेबलाची दुसरी बाजू धरली.